दोराचं वरचं टोक

सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला रिकामा डबा एकदा खणकायचा. फक्त एकदा. आई हातातली फुंकणी खाली ठेवायची, डब्याला बांधलेला दोर एकदा ओढायची आणि पुन्हा चुलीकडं वळायची. "जित्तं हाय हे कळवायला दोर लागतोय ह्यांना," असं रोज म्हणायची. पण ओढायची रोज, हेही लक्षात घ्या.

दोराचं दुसरं टोक माडीवरच्या खोलीत, आमच्या भाडेकरूच्या खाटेला. हे भाडेकरू म्हणजे सगळ्या शाहूपुरीचे 'लंकावाले'. तीस वर्षं सिलोनच्या बंदरात पाणबुड्या म्हणून काढलेला माणूस. डोक्यावर पितळी टोप चढवायचा, पायात शिशाचे जोडे घालायचे आणि समुद्राच्या तळाला चालत फिरायचं, अशी नोकरी. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे ते परत आले. लग्नकार्य काही केलं नव्हतं. मूळचे चंदगडकडचे, पण तिकडं राहिले नाहीत. म्हणायचे, "आमच्याकडं पाऊस असा की माणूस घरात बसून बुडतंय. मग मी पोटासाठी बुडलो तर काय बिघडलं?"

दोराची भाषा त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील द्या. तीन म्हणजे हवा वाढवा. आमच्या घरात त्याचा अर्थ चहा असा झाला. चार म्हणजे वर ओढा, बाकी सगळं सोडा. आणि जेवढे हिसके आले तेवढेच परत द्यायचे, नाहीतर निरोप पोचला असं धरायचं नाही. वडील, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "अहो, जिन्यावरून हाक मारा की." तर म्हणाले, "हाक वाऱ्यावर जाती. दोर हातात ऱ्हातो."

एकदा सहा वाजून गेले, सव्वासहा झाले, डबा वाजला नाही. आई तशीच पिठाच्या हातानं जिना चढली. तापानं फणफणून पडले होते. त्या दिवसापासून आई दोराबद्दल कुरकुर करायची ती फक्त सवयीनं.

रस्त्यानं चालताना ते तळावरच चालायचे. पाय हळू उचलायचा, हळू पुढं न्यायचा, टेकवून बघायचा आणि मगच भार द्यायचा. टांगेवाले मागून ओरडायचे, "ओ पावणं, जरा पाय उचला की!" पण डावा कान पाण्याच्या दाबानं कायमचा गेलेला, टांगा नेमका डावीकडून आला की घोड्यालाच थांबावं लागे. घोडी त्यांना ओळखायला लागली होती असं आमच्या आळीत म्हणत. खरं-खोटं घोड्यांना माहीत.

त्यांच्या खोलीची एक भिंत सांगितल्याशिवाय माणूस पुरा होणार नाही. चुन्याच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं लंका काढली होती, अगदी कोयरीसारखी. कोयरीच्या पोटात काही नाही, कोरी. आणि कडेकडेनं मात्र बारीक बारीक खुणा, फुल्या, नावं. मी विचारलं, "काका, आत काय आहे?"

"आत? मला काय ठाव? मी काठाकाठानंच फिरलो. रावण असंल."

बंदराच्या अंगाला, जिथं लढाईत मोठमोठी जहाजं बुडाली होती आणि सगळे साहेबलोक बुड्या मारायला जात, तिथं नुसता एक ठिपका. "तिथं जत्रा असती," म्हणायचे. "जत्रंत काय बघायचं? दुसऱ्याची टाळकीच की." त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. रविवारी सुट्टीला एका तमिळ कोळ्याच्या होडीतून जाऊन, मुकादमाला मस्का लावून आणलेला टोप चढवून त्यांनी एकेक हुडकून काढलेल्या. साहेबाच्या नकाशात त्यातली एक नव्हती.

एक होती कौलांची बोट. मंगळुरी कौलं भरून निघालेलं गलबत वादळात बसलं. "माणसं वाचली, कौलं बुडाली. लाकूड किड्यांनी खाल्लं. पण कौलं जशी रचली होती तशी अजून रांगेत हायत की. आन एकेका कौलाखाली एकेक संसार. हितं खेकडा, तितं माशाची पोरं, पलीकडं कोण म्हातारी काटेरी. वाडीच गं ती! नुस्ता कोंबडा आरवायचा बाकी." दुसरी नांगरांचं रान. खडक असा की टाकलेला नांगर सुटायचाच नाही. शेवटी खलाशी दोर कापून निघून जायचे. शेकडो वर्षांचे नांगर तिथं बाभळीसारखे उभे. आणि तिसरी थंड उंबरा. हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. "दोन्ही पाय ऊन पाण्यात असत्यात. एक पाऊल फुडं टाकलं की गुडघ्याखाली पौषातली थंडी. मधी भिंत न्हाय, दार न्हाय, नुस्ता उंबरा. मी थांबून नमस्कार करायचो."

कुणी काही चांगलं केलं की त्याला ते एकेक जागा देऊन टाकायचे. आमच्या गवळ्यानं आठवडाभर दुधात पाणी घातलं नाही तेव्हा त्याला नांगरांचं रान मिळालं. गवळी म्हणाला, "मग सात-बाऱ्यावर चढवून द्या की काका."

"चढवतो की. पण मोजणीला तलाठ्याला बुडी मारावी लागंल. तुमचा तलाठी तसा हलका हाय, तरंगंल."

मला थंड उंबरा मिळाला. मी मॅट्रिकच्या वर्गात होते आणि दोराची भाषा डोळे मिटून चुकत नव्हते, म्हणून.

आता हंड्याचं सांगते. वय झालं, कान गेला, समुद्र काही परत मिळायचा नाही हे त्यांना कळत होतं. पण अंगातलं पाणी गप बसू देत नव्हतं. तांबट आळीत जाऊन त्यांनी आंघोळीच्या पाण्याचा मोठा तांब्याचा हंडा घेतला, उलटा केला, खांद्यावर बसेल असा खालून कापून घेतला, समोर जाड काच बसवली. पुढं-मागं शिसं बांधलं. वरून रबरी नळी, आणि नळीच्या टोकाला मोटारीच्या चाकात हवा भरायचा पायपंप. खालचं तोंड उघडंच. वरून हवा दाबत राहायची, मग पाणी हनुवटीच्या खाली राहतं. फक्त वाकायचं नाही. वाकलं की हंडा कलंडतो आणि हवेच्या जागी पाणी येतं. "म्हणून पाणबुड्या हातानं हुडकत न्हाय," ते म्हणायचे, "पायानं हुडकतो. पायाची बोटं शिकलेली पायजेत."

पहिली परीक्षा आमच्या परसातल्या हौदात झाली. हौदात पाणी छातीभर. ते गुडघ्यावर बसलेले, मी काठावर दोर धरून, आबा धोतर सावरून पंपावर नाचताहेत, आणि शेजारी आई भांडी घासत बसलेली. बुडबुडे येत होते. आई मान वर न करता म्हणाली, "लंका दिसायला लागली की सांगा. तोवर मला दोन कळशा पाणी घेऊ द्या." मी एक हिसका दिला, खालून एक आला. तळहाताला तो कसा लागला हे मला आजही सांगता येईल, जणू झोपलेल्या माणसानं हुंकार दिला.

त्याच वर्षीच्या चैत्रात एक दिवस माझे मामा आले. त्यांचं गाव जयसिंगपूरच्या पुढं, बैलगाडीनं तासभर. मामा म्हणजे गरीब माणूस, चारचौघांत तोंडातून शब्द निघायचा नाही. आले, ओट्यावर बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. आईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं.

त्या गावच्या देवीला चांदीचा मुखवटा आहे. तो देवळात राहत नाही. दरवर्षी एकेका घराकडं मान असतो, वर्षभर तो त्या घरच्या देव्हाऱ्यात. आणि जत्रेच्या आधी त्या घरच्या सुनेनं तो पायविहिरीवर नेऊन रिठ्याच्या पाण्यानं घासून उजळायचा, अशी रीत. त्या वर्षी मान मामांकडं होता. मामी पायरीवर बसून घासत होत्या. रिठ्याचा फेस तो, हात निसरडे झाले, आणि मुखवटा सुळकन गेला. विहिरीला पाच पुरुष पाणी, म्हणजे एकावर एक पाच माणसं हात वर करून उभी राहिली तरी वरचा बुडेल, आणि खाली गाळ. पट्टीचे पोहणारे बुडून आले, गाळानं डोळे भरून वर आले. गळ टाकले, तर दोन बादल्या, एक जुनी कळशी आणि कुणाची तरी सोळा वर्षांपूर्वी हरवलेली घागर निघाली. मुखवटा नाही.

"गुरव म्हणतोय, देवी आपल्या पायानं गेली," मामा म्हणाले. "त्या घरात ऱ्हायाचं न्हाय म्हणून गेली. लग्नाला सहा वर्सं झाली, घरात पोर न्हाय, हे सगळ्यांनी काढलं. पुनवेपातूर घावला न्हाय तर हिला माहेरी पोचवा म्हणत्यात. कायमची." मग आईकडं वळून, "चार दिस जेवली न्हाय, ताई. बोलतबी न्हाय."

पुनव दोन दिवसांवर होती. आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिनं दोर ओढला. चार हिसके. इतक्या दिवसांत आमच्याकडून वर चार हिसके कधी गेले नव्हते. लंकावाले अंगात सदराही न घालता जिन्यावरून खाली आले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना भरभर चालताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. आई, मामा, मी, लंकावाले आणि हंडा. तिकीट तपासनीस हंड्याकडं बघत राहिला. "हे काय?"

"हंडा."

"मग ह्याला काच कशाला?"

"आतनं भाईर बघायला."

तो पुढच्या डब्यात निघून गेला.

विहिरीवर सगळा गाव लोटला होता. गर्दीच्या मागं, लिंबाच्या झाडाला टेकून मामी उभ्या. चेहरा राखेसारखा. एक म्हातारी मोठ्यानं म्हणत होती, "तिला न्या की घरी. तिचा पायगुण आन पुन्यांदा विहिरीवर?" लंकावाल्यांना ते बरोबर उजव्या कानात ऐकू गेलं. त्यांनी हंडा खाली ठेवला.

"कुणाच्या हातनं पडला?"

 मामांनी मामींकडं बोट केलं.

"तिला हितं आणा. वरच्या पायरीला बसवा. काम हुईस्तवर ती हलायची न्हाय. बाकीची हलली तरी माझी काय हरकत न्हाय."

"असं का?" गुरव म्हणाला.

"पाण्याचा कायदा हाय." पुढं आईनं त्यांना विचारलं, खरंच असा कायदा आहे का? तर म्हणाले, "हाय की. मीच केला, त्याच दिशी."

मामी वरच्या पायरीवर बसल्या. तालमीतले दोन पैलवान पंपाला लावले, एक दमला की दुसरा. दोर माझ्या हातात. हंडा चढवायच्या आधी ते मला एवढंच म्हणाले, "पोरी, वर कोण काय बोलंल ते बोलंल. तुला फक्त दोर बोलंल त्येच खरं. मी चार दिल्याबिगर ओढायचं न्हाय. वडलंस आन मी वाकलो, तर हंडा कलंडला, मी गेलो." आणि पायरी-पायरीनं, हळू पाय टेकत, ते पाण्यात उतरले. आधी छाती, मग खांदे, मग काच हिरवी झाली आणि नुसते बुडबुडे राहिले.

पहिली पाच मिनिटं गाव गप्प होतं. मग बुडबुडे जरा पायऱ्यांच्या अंगाला सरकले आणि एका जागी थांबले. थांबले ते थांबलेच. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. लोक बोलायला लागले.

"हलत न्हाय की रं."

"बुडबुडं येत्यात न्हवं?"

"येड्या, बुडबुडं पंपाचं. मेलेल्याच्या डोस्क्यातनंबी येतील."

तो माणूस बरोबर बोलत होता. मी एक हिसका दिला. वाट बघितली. तळहातात एक आला. मी ओरडून सांगितलं, "ठीक आहेत!"

"पाण्यानं हलला आसंल दोर."

"ओढ गं पोरी! म्हातारा मारतीस का?"

पुन्हा एक दिला. पुन्हा एक आला. अर्ध्या तासाला म्हातारी रडायला लागली, गुरव देवीचं नाव घ्यायला लागला, आणि माझे गरीब मामा, ज्यांनी जन्मात कुणाला हात लावला नव्हता, त्यांनी पुढं होऊन माझ्या हातातला दोर धरला. "सोड. दुसरं पाप नगं आमच्या डोक्यावर." मी म्हणाले, मामा, नका. ते ओढायला लागले. माझे दोन्ही हात दोरावर. मग मी काय करणार? मी त्यांच्या मनगटाला कडकडून चावले.

मामा "आयाऽ" करून मागं झाले. एक पैलवान हसला. त्याच क्षणी दोर बोलला. एक, दोन, तीन, चार.

आम्ही त्यांना वर घेतलं. हंडा उतरवला तेव्हा चेहरा लालभडक, मिशीला गाळ. कमरेचा पंचा सोडला, त्यातून मुखवटा काढला. गुरव दोन्ही हात पुढं करून उभा होता. पाटील उभे होते. त्या सगळ्यांना वळसा घालून, तसेच पाय टेकत टेकत ते चार पायऱ्या चढले आणि मुखवटा मामींच्या मांडीवर ठेवला.

"ज्या हातनं गेला त्या हातात. पुसून घे, बाई. जरा गाळ लागलाय, बाकी काय झालं न्हाय."

मामींनी पदरानं पुसला. आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "जेवूनच जायाचं," म्हणाल्या.

जत्रा झाली. मामी मामांकडंच राहिल्या, जन्मभर. मूल काही झालं नाही, आणि पुढं मान पुन्हा दोनदा त्यांच्याकडं आला तेव्हा मुखवटा त्यांनीच घासला. रिठ्याऐवजी चिंचेनं.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. परतीच्या गाडीत आईचा डोळा लागलेला बघून मी विचारलं, "काका, सापडला कुठं?"

"उतरल्या-उतरल्या. डाव्या टाचंखाली."

"उतरल्या-उतरल्या? मग अर्धा तास काय करत होतात?"

त्यांनी आईकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "खाली बुडालेल्या पायऱ्या हायत. त्यातल्या एकीवर बसलो. एक मासळी आली, काचंतनं आत बघून गेली. पाच वर्सांनी खाली गेलो हुतो, पोरी. म्हटलं, जरा बसावं."

"आणि वर का आलात मग?"

"दोर थरथरायला लागला. तू वर एकटी कुणाशीतरी झगडतीयास, हे कळलं. मग कसा बसून ऱ्हाणार?"

मला असा संताप आला की काही विचारू नका. वर मामींचा जीव टांगणीला, मी मामांना चावलेली, आणि हे तिथं पायरीवर बसलेले! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डबा वाजला तेव्हा आईचे हात भाकरीत होते. "ओढ गं," ती म्हणाली. मी जरा वेळ तशीच उभी राहिले. मग एकदा ओढला. काय करणार? खाली असताना त्यांनी मला दिलेला एकही हिसका खोटा नव्हता. ठीक आहे म्हणाले होते, ठीक होते. पुढं आयुष्यात ज्यांच्या शब्दावर भरवसा ठेवायचा अशी माणसं मी त्याच मापानं मोजली, आणि फार थोडी पुरी भरली. मला अजून पोहता येत नाही. पण ओरडणाऱ्या गावापुढं हातातलं सोडायचं नाही, एवढं त्या माणसानं मला विहिरीच्या पाण्याखाली बसून शिकवलं, त्याचे उपकार मी मानते.

पाच-सहा वर्षांनी त्यांच्या पुतण्यानं त्यांना चंदगडकडं नेलं, आणि ते तिकडंच वारले. ते गेल्याचं सांगायला मी मामींकडं गेले होते. माझं लग्न झालं होतं तोवर. मामी परसात शेंगा फोडत बसल्या होत्या. मीही पाटीजवळ बसले आणि बोलता बोलता सांगून टाकलं, की मुखवटा आधीच सापडला होता, ते नुसते बसले होते. वाटलं, मामी चिडतील. चिडायला हक्कच होता त्यांचा.

मामी हसल्या. डोळ्याला पदर लावून हसल्या. मग हसू थांबलं, आणि त्यांनी पाटीतली एक शेंग उचलली.

"बसू दे की गं," म्हणाल्या. "त्यो खाली बसला म्हणून मी वर बसले. त्या दिशी त्यानं मला बोलावून पायरीवर बसवलं नसतं, तर सांजच्यापातूर उलटं झालं असतं. मी खाली असते."

शेंग फुटली. दाणे पाटीत पडले.

"तुझ्या मामांना सांगू नगंस," त्या म्हणाल्या. मी नाही सांगितलं.